दुसरा खड्डा

एलाडियोचा डावा पाय माउंडवर जिथे उतरतो
तिथे एक खड्डा पडतो, बुटाएवढा.
सहा वर्षं साठ फुटांवरून मी तो बघतोय.
पंचाला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसत नाही.
मी उकिडवा बसलेला, म्हणून मला दिसतो.

आज तिसऱ्या इनिंगपासून तिथे दोन खड्डे आहेत.
दुसरा वीतभर मागे.
म्हणजे तो पाय आखडता घेतोय.

गुडघ्यातली गादी फाटलीय. मंगळवारी क्लीव्हलंडला ऑपरेशन.
डॉक्टरीणबाईंनी तारीख आधीची सांगितली होती,
तो म्हणाला, 'रविवारचं झाल्यावर.'
'रविवारी काय आहे?'
त्याने माझ्याकडे बघितलं,
मी जणू त्याचा दुभाषा.

सकाळी क्लबहाऊसमध्ये सुईने पाणी काढलं.
गुडघ्याच्या वाटीतलं, अर्धी वाटी.
उसाच्या रसासारखं दिसतंय, तो म्हणाला.
बाप बाराओनाला ऊस तोडायचा,
त्यामुळे असेल.
मग पट्टा आवळला, निगुतीने, दोनदा सोडून पुन्हा.
गुडघ्याला बाशिंग बांधलेला नवरा तो हाच.
फर्स्ट बेसचा डिलेनी म्हणाला, याची अक्कल गुडघ्यात.
असेल. मग आज तीही फाटलेली.

पाचव्या इनिंगला समोरच्यांना कळलं.
त्यांचा शॉर्टस्टॉप, मिसरूड फुटायचंय अजून,
त्याने बॅट आडवी धरली
आणि चेंडू नुसता ठेवला गवतावर,
मांजरापुढे बशी ठेवावी तसा.
बंट. नियमात बसतं.
त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.
केलंय.

मी आधीच बजावलं होतं, बंट आला तर तू हलायचं नाहीस.
मुखवटा भिरकावला, धावलो,
एकोणचाळीस वर्षांच्या गंजक्या बिजागऱ्यांवर.
उचलला, फेकला. आउट.
'विएहो,' एलाडियो म्हणाला,
'माझ्यापेक्षा तुझेच जास्त वाजतात.'
विएहो म्हणजे म्हाताऱ्या.

गुडघे टेकायचा पगार तर मी घेतो.
दर चेंडूला, पंधरा वर्षं.
त्याला ते कधी शिकवलंच नाही कुणी.

सातव्यात चेंडू डिलेनीकडे गेला, बेस सोडून लांब.
अशा वेळी पिचरनेच धावायचं असतं.
तिथे माझा काही उपयोग नव्हता.
एरी सरोवरावरून वारा येत होता, झेंडा फडफडत होता,
आणि तो धावत होता.
मी पाय बघितले नाहीत, चेहरा बघितला.
चेहऱ्यावर काहीच नव्हतं.
शटर ओढून आत हिशोब चाललेला असतो, तसं.
पोचला. बेसवर पाय पडला, डावाच.
चेंडू हातमोज्यात.
चार हजार माणसं उभी राहून ओरडली
आणि त्या आवाजाखाली जे काय तुटलं
ते त्याने एकट्यानेच ऐकलं.

कोच आला, तेव्हा चेंडू त्याने स्वतःहून दिला.
मैदानभर सरळ चालत गेला.
डगआउटच्या तीन पायऱ्यांपाशी
कुणाला दिसणार नाही असं बघून
माझ्या खांद्यावर हात ठेवला.
वजन होतं त्याला.

आम्ही हरलो. नवव्यात, दुसऱ्याच कुणाच्या चेंडूवर.
त्याचं नाव इथे नको, चोवीस वर्षांचा आहे,
शॉवरखाली फार वेळ उभा होता.

एलाडियोला मोजा काढता येईना.
मी खाली बसलो, ओढून काढला.
पाय सुजून पावासारखा झाला होता.
परवा नर्स पेनाने खूण करणार या गुडघ्यावर,
चुकून दुसरा उघडायला नको म्हणून.
'तुझ्या दोन्हींवर करतील,' तो म्हणाला.
हसायचं होतं मला.

बाहेर दिवे अजून चालू होते.
मैदानाचे म्हातारे ओव्हरबी
माउंडवर ओली माती ठोकत होते.
पहिला खड्डा बुजवला.
दुसऱ्यापाशी थांबले, वाकले,
आत बोटं घालून पाहिली.
मग बादली घेऊन पुन्हा मातीकडे गेले.
हा जास्त खोल होता.